मुळशीचे विस्थापित आणि वस्तीची निवड

नवी वस्ती निवडताना शेजार, पाणी, शाळा पाहावी, ही सवड मुळशी तालुक्यातील हिंजवडीत बिऱ्हाड करणाऱ्या नोकरदारास आज असते. त्याच तालुक्यातील धरणग्रस्तांच्या वाट्यास ती आली नाही. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळा संगमावर धरण होऊ लागले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट हे त्याचे अग्रणी होत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या २३ व्या कलमात राहते घर बदलावे लागल्यास त्या बदलाचा वाजवी खर्च मोबदल्यात धरण्याची तरतूद होती. कायद्याच्या लेखी स्थलांतर ही खर्चाची एक बाब! एका आळीतील घरे पुन्हा शेजारी यावीत की काय, याविषयी तो मुका. ‘गावठाण’ या शब्दातील ‘ठाण’ संस्कृत ‘स्थान’पासून आले खरे, परंतु गावकऱ्यास ते नुसती जागा नव्हे, तेथे ग्रामदैवतही ठाण मांडून असते. त्याचे मोल रोकडीत कसे व्हावे? कित्येक कुटुंबे जलाशयाकाठच्या चढावरच राहिली. नव्या गावठाणात नागरी सुविधा पुरविण्याची तरतूद महाराष्ट्राने १९७६ च्या पुनर्वसन कायद्यात केली. सत्याग्रहास तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती.