शनवार तेल्यांच्या लेकी

बेने इस्रायल हा कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज. समाजाच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हे कोणत्या शतकात घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. समाज मात्र नवगावची दफनभूमी हेच आपले मूळ ठिकाण मानतो. वाचलेल्यांच्या वंशजांनी कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांत तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, केहिमकर, अष्टमकर, दिवेकर.

या लोकांजवळ कित्येक पिढ्या धर्मग्रंथ नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हते, हिब्रू जाणणारा धर्मगुरूही नव्हता. उरले होते ते शेमा या प्रार्थनेचे शब्द, मुलांची सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे नियम. यातले शेवटचे दोन घरच्या बाईच्या हातात होते. समाजात सांगितली जाणारी डेव्हिड रहाबीची गोष्ट याच कारणाने महत्त्वाची आहे. कोकणात आलेल्या या ज्यू प्रवाशाला हे लोक खरेच आपले का, हे पाहायचे होते. त्याने बायकांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले व बाकीचे बाजूला सारले. असले मासे आमच्यात खात नाहीत, एवढेच त्यांना ठाऊक होते. ही आख्यायिका आहे. पण समाजाने आपल्या ज्यूपणाचा पुरावा कोठे ठेवला होता ते तिच्यातून स्पष्ट दिसते. तो कोळणीच्या पाटीसमोर आणि चुलीजवळ होता.

सणांची जुनी नावेही स्वयंपाकघरातलीच आहेत. खिरीचा सण नव्या धान्याच्या खिरीचा. उपासाशी जोडलेला बिरड्याचा सण कडव्या वालांच्या बिरड्यावरून ओळखला जाई. वल्हांडणाच्या दिवसांत आंबवलेले काही खायचे नाही असा ज्यू धर्माचा दंडक आहे. त्यामागची मिसर देशातून सुटकेची कथा कोकणात विसरली गेली होती, तरी घरातले आंबट रसाचे मडके, अनाशी, आठ दिवस झाकून ठेवले जाई. सणाचे नावच ‘अनाशी ढाकण्याचा सण’. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफाळणीचा सण’ झाला, कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दार लावून सारे घरात बसत. कारण विसरले, कृती राहिली. धर्म टिकवण्याची ही रीत पोथीतल्या रीतीपेक्षा कमी प्रतीची मानण्याचे काहीच कारण नाही.

मांसाबरोबर दूध चालत नाही, ही अडचण कोकणातल्या नारळाने सोडवली. रस्सा नारळाच्या दुधातला. नवसाला, लग्नाआधी, नव्या घरात मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खवलेले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळे असे ताट मांडून एलियाहू हन्नावी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावे हिब्रू प्रार्थना म्हणतात. लग्नात मेंदी, हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र हे सारे आले. शेजाराकडून आले ते सगळेच चांगले नव्हते. ज्यू धर्मशास्त्राची मनाई नसताना विधवाविवाह निषिद्ध मानला जाऊ लागला. समाजाबाहेरच्या बाईच्या पोटी जन्मलेल्यांना ‘काळे’ इस्रायल म्हणून ‘गोऱ्यां’पासून वेगळे ठेवले जाई. जातीचा हा जाच आईच्या नावाने पुढच्या पिढ्यांना भोगावा लागला.

अठराव्या शतकात कुटुंबे मुंबईला येऊ लागली. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. १८७४ च्या पुणे आवृत्तीत बेखमीर भाकरीची तयारी करणाऱ्या बायकांचे चित्र आहे. त्यांच्या अंगावर साड्या आहेत आणि त्या जमिनीवर बसून काम करत आहेत.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत काढलेली शाळा पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन पुढे याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनला जाऊन वैद्यकाची एम.डी. घेतली, मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा सांभाळली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इस्रायल १९४८ मध्ये स्थापन झाले आणि कुटुंबे तिकडे जाऊ लागली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. त्यांतले बहुसंख्य बेने इस्रायल. नव्या देशात त्यांच्या वाट्याला दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा अशी वाढती गावे आणि कारखान्यातली कामे आली. कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून वेगळ्या ठरलेल्या बायका इथे ‘भारतीय’ म्हणून वेगळ्या ठरल्या. मग १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला : बेने इस्रायलांचे इतरांशी लग्न लावण्यापूर्वी वधूवरांची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. ज्यूपण आईकडून येते, म्हणून संशय थेट आयांवर आला. रहाबीच्या माशांची परीक्षा पुन्हा एकदा बायकांचीच झाली, आणि या वेळी ती अपमानाची होती. समाज गप्प बसला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये कुटुंबांनी धरणे धरले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते पूर्ण अर्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, आणि धर्मपीठाला आदेशातला बेने इस्रायलांचा वेगळा उल्लेख काढून टाकावा लागला.

त्यानंतरच्या पिढीची बोली हिब्रू झाली. मराठी आजीशी बोलण्यापुरती उरली, तरी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमध्ये निघत राहिले. लग्नाआधीची मेंदी तिकडेही टिकली. मोरोक्को आणि येमेनहून आलेल्या ज्यूंमध्येही ती चाल असल्याने तिचे कोणाला नवल वाटले नाही. मलिदा तर भारतीय ज्यूंची ओळखच बनला.

२०११ च्या जनगणनेत भारतातल्या ज्यूंची संख्या ४,६५० होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागजवळ खंडाळे येथे एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा मानला जाणारा खडक आहे. इस्रायलमधून येणारी कुटुंबे आजही तिथे मलिद्याचे ताट मांडून नवस फेडतात.