डिलाईल रोडची चाळ आणि आपल्या दिंडीचा पखवाज



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून अंक काढायचं ठरलं तव्हा मंडळी म्हणाली, महाराज, पखवाजाचं तुम्ही लिहा. माझं शिक्षण चौथी. बोलायची सवय, लिहायची नाही, तरी चूकभूल पदरात घ्यावी. पखवाजाचं सांगायचं तर आधी मुंबईच्या एका चाळीचं सांगावं लागतं, अन् ती चाळ आता पाडली.

आमचे धाकटे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, 1972 च्या दुष्काळात मुंबईला गेले. कनेरगाव नाक्यावरून छोट्या रुळाच्या गाडीनं पूर्णा, तिथून मनमाड, मनमाडला मोठी गाडी. एका गिरणीत बदली कामगार लागले. बदली म्हणजे रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असंल तर काम, नाहीतर माघारी. राहायला डिलाईल रोडची बीडीडी चाळ. त्या रस्त्याला पुढं कामगार पुढारी ना. म. जोशी यांचं नाव दिलं, पण गिरणीतली माणसं शेवटपर्यंत डिलाईल रोडच म्हणायची.

या चाळी इंग्रज सरकारनं बांधल्या. 1920 साली गव्हर्नर लॉईड यांच्या काळात एक खातं काढलं, त्याच्या इंग्रजी नावाची तीन अक्षरं म्हणजे बीडीडी. इरादा होता पन्नास हजार खोल्यांचा. झाल्या 207 इमारती: वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. एका इमारतीत चार मजले धरून 80 खोल्या, एक खोली 160 चौरस फूट. आपल्या बैलांच्या गोठ्याला याहून जास्ती जागा असते. पहिल्यांदा तर लोक राहायलाच येईनात. 1930 च्या सत्याग्रहात सरकारनं वरळीच्या रिकाम्या चाळींत कैदी कोंडले. पुढं मात्र एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसं झाली.

आता हे आपल्या शेतकऱ्यानं ध्यानात घेण्यासारखं. या बांधकामासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला होता. आपलं गाव नाक्याचं, एका अंगाला निजामाचं राज्य, दुसऱ्या अंगाला इंग्रजांचा वऱ्हाड. वऱ्हाडाचा कापूस मुंबईलाच जायचा. म्हणजे त्या भिंतीत आपल्याकडच्या कास्तकाराचाही रुपया आहे. हे मला कळलं तव्हा तात्या हयात नव्हते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं की तुम्ही काही परक्याच्या घरात राहिला नाही.

मी 1979 ला तिथं गेलो, पंधरा दिवस राहिलो. खोली सातारा जिल्ह्यातल्या पाटणकडच्या एका कुटुंबाची, त्यात तात्या अन् आणखी सहाजण. पाळीनं झोपायचं. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्यानं उठायचं, वळकटी तीच. जेवण खाणावळीत. संडास मजल्यावर सगळ्यांत मिळून, सकाळी डबा घेऊन रांग. त्या रांगेची आठवण कोणी गोड करून सांगू नये.

पण एकादशीची रात्र मी इसरलो नाही. मजल्याच्या मधून लांब बोळ, दोन्ही बाजूला दहा-दहा खोल्या. बोळात सतरंजी पडायची, टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे, अन् बायामाणसं आपापल्या उंबऱ्यात बसलेली. कोणाला घर सोडून जावं लागत नव्हतं, भजनच घरी आलेलं. कोकणातले, घाटावरचे, आमच्यासारखे मराठवाड्यातले थोडे, चाली सगळ्यांच्या येगळ्या. चालीवरून भांडणंही व्हायची! तात्या पखवाज वाजवायचे. बोळातल्या लोकांनी पगारातून वर्गणी काढून तो घेतलेला. दुसऱ्या मंडळाच्या वाद्यात मिसळू नये म्हणून खोडावर खोलीचा नंबर खिळ्यानं कोरला होता.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. बोळातली खोली-खोली रिकामी होत गेली, कोणी गावी गेलं, कोणी भाजी विकायला बसलं. तात्यांनी दीड वर्ष वाट पाहिली. परत आले ते एक पत्र्याची पेटी अन् हा पखवाज घेऊन. भजनी मंडळ मोडलं होतं, राहिलेल्यांनी त्यांना म्हटलं, घेऊन जा, वाजता तरी राहील. त्याच आषाढीला तो आपल्या दिंडीत आला. तात्या संपाबद्दल कधी बोलले नाहीत. नवखे वारकरी विचारायचे, तव्हा नुसती वादी ओढायचे.

पुढं चाळी पाडून तिथं टॉवर बांधायचं ठरलं. 22 एप्रिल 2017 ला भूमिपूजन झालं. 14 ऑगस्ट 2025 ला वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. 160 फुटांच्या बदल्यात 500 फूट, संडास-न्हाणी घरात. चांगलं झालं. पण जे भाडेकरू नव्हते, नुसते पथारी टाकून राहिले, त्यांचं नाव कुठल्याच कागदात नाही. तात्यांचं नाही. त्यांची खूण त्या खोडावरच्या नंबरात तेवढी.

मी मागं कीर्तनाच्या निमित्तानं मुंबईला गेलो तव्हा डिलाईल रोडला मुद्दाम जाऊन आलो. तात्यांची इमारत नव्हती. पत्र्याचं कुंपण अन् उंच क्रेन. पाटणकर कुटुंबाचा नातू भेटला. तो म्हणाला, काका, आमच्या आजोबांच्या तोंडी पखवाजाचं लई ऐकलं, तो अजून हाय का? म्हटलं, हाय. पुड्या किती येळा बदलल्या, खोड तेच हाय. बघायचा असंल तर आषाढीला नरसीला ये.

यंदा आला. पायात बूट होते, दुसऱ्या दिवशी काढून हातात घेतले. दोन मुक्काम चालला, अन् दोन्ही रात्री पखवाज उशाशी घेऊन झोपला.