भिंतीवरचे महायुद्ध

भगिनींनो, लढाईचा इतिहास म्हटला की तोफा, विमाने, सेनापती आणि तह एवढेच आपल्या नजरेपुढे येते. परंतु विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत लढणाऱ्या सरकारांनी आणखी एक हत्यार वापरले, आणि ते कागदाचे होते. रस्त्याच्या भिंतीवर, आगगाडीच्या स्टेशनात, कारखान्याच्या दारात चिकटवलेली मोठमोठी रंगीत चित्रे, म्हणजे भित्तिपत्रके. १९१४ साली घरोघरी रेडिओ नव्हता. शिळाछापावर रंगीत चित्रे हजारोंनी छापता येत होती, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चित्र कळत होते. म्हणून सरकारांनी भिंतींना बोलते केले.

आपल्या मंडळात आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा सुटीतला अभ्यासवर्ग भरतो. गेले दोन उन्हाळे मी तेथे निरनिराळ्या देशांतील अशा चित्रांच्या प्रती मुलांपुढे मांडीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही हा विषय मी घेतला, कारण यांतील पुष्कळ चित्रे आपल्यासारख्या गृहिणींना आणि आयांना उद्देशून काढलेली होती. ज्यांच्याकडून मुलगा, पैसा आणि स्वयंपाकघरातले तेलसुद्धा मागितले गेले, त्या बायकांच्या बाजूने ही चित्रे पाहिली पाहिजेत असे मला वाटले.

मुलांना मी पाच प्रश्न फळ्यावर लिहून देते. हे चित्र कोणी आणि केव्हा छापले? ते कोणाला उद्देशून आहे? ते पाहून मनात कोणती भावना उठते? ते आपल्याला काय करावयास सांगते? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, त्याने काय झाकून ठेवले आहे? प्रथम चित्रावरील अक्षरांवर कागदाची पट्टी ठेवून नुसते चित्र पाहावयाचे, मग पट्टी काढून मजकूर समजून घ्यावयाचा, असा क्रम ठेवला आहे.

सुरुवात बोट दाखवणाऱ्या चित्रांपासून करते. पहिले इंग्लंडचे. सप्टेंबर १९१४ मध्ये आल्फ्रेड लीट या चित्रकाराने लंडनच्या एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांचे चित्र काढले. भरघोस मिशा, रोखलेली नजर आणि थेट पाहणाऱ्याकडे वळलेले बोट. हे किचनेर म्हणजे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले तेच. दुसरे चित्र अमेरिकेचे, १९१७ सालचे. उंच टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा 'अंकल सॅम' तसेच बोट रोखून सैन्यात बोलावतो. जेम्स फ्लॅग या चित्रकाराने आरशात पाहून स्वतःचाच चेहरा त्याला दिला, आणि वर्ष-दीड वर्षात त्याच्या ४० लाखांवर प्रती निघाल्या. तिसरे रशियाचे. १९२० साली, यादवी युद्धात, दिमित्री मूर याने तांबड्या रंगात रंगवलेला सैनिक विचारतो, "तू स्वेच्छेने नाव नोंदवलेस काय?"

तीन देश आणि तीन निरनिराळ्या राजवटी. एक राजाची, एक लोकशाहीची, एक क्रांतीची. पण पट्टीखाली अक्षरे झाकली की बोट एकच दिसते. हजारोंच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला "हे मला एकट्यालाच म्हणत आहेत" असे वाटावे, एवढ्यासाठी ते रोखलेले आहे. हे मुलांना सांगावे लागत नाही, तीन चित्रे ओळीने ठेवली की ती आपणच सांगतात.

त्यानंतर बायकांची चित्रे येतात. १९१५ साली इंग्लंडात निघालेल्या एका भित्तिपत्रकात दोन स्त्रिया आणि एक मूल खिडकीशी उभे आहेत, बाहेरून सैनिकांची रांग चालली आहे, आणि "ब्रिटनच्या स्त्रिया म्हणतात, जा!" असा मजकूर आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात बाप खुर्चीत बसला आहे, मुलगा जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडतो आहे, आणि मांडीवरची मुलगी विचारते, "बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलेत?" बापाच्या तोंडावर उत्तर नाही.

या चित्रांचे साल लक्षात घेतल्यावाचून ती कळत नाहीत. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा होईपर्यंत इंग्लंडात सैन्यात जाणे ऐच्छिक होते. कायद्याने ओढून नेता येत नव्हते, म्हणून घरच्या माणसांच्या नजरेने ढकलावयाचे होते. शरम हा त्याचा मार्ग होता, आणि ती आणण्याचे काम आई, बायको आणि मुलगी यांच्या चित्रावर टाकले होते. वर्गातील एका मुलीने विचारले, "या खिडकीतल्या बाईला कोणी विचारले होते का?" मी म्हटले, "पाचव्या प्रश्नापुढे हेच लिही." ब्रिटनच्या स्त्रियांना तेव्हा पार्लमेंटच्या निवडणुकीत मतसुद्धा नव्हते. ते १९१८ साली, आणि तेही वयाची तीस वर्षे पुरी झालेल्या काही स्त्रियांनाच मिळाले. मत नसलेल्या बाईच्या तोंडी "जा" हा शब्द मात्र घातला गेला. पुढे १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची १९,००० हून अधिक माणसे मेली. खिडकीच्या चित्रात रस्ता फक्त जाण्याचा दाखवला आहे.

पैशाची गोष्ट गृहिणींना लवकर पटेल. १९१७ साली जर्मनीत फ्रिट्झ एर्लर याने लोखंडी टोपातील एका थकलेल्या, चमकत्या डोळ्यांच्या सैनिकाचे चित्र काढले. "आम्हांला जिंकावयास साह्य करा" असे म्हणून तो युद्धकर्ज मागतो. लाखो कुटुंबांनी आपली शिल्लक त्या कर्जरोख्यांत घातली. १९१८ साली जर्मनी हरला, आणि १९२३ साली मार्क या नाण्याची किंमत इतकी घसरली की एका पावाला अब्जावधी मार्क पडू लागले. त्या रोख्यांची किंमत रद्दीइतकी उरली. सैनिकाचा चेहरा खोटा नव्हता, खंदकात माणसे खरोखरच तशी दिसत होती. पण पैसे बुडाले तर काय, हे त्या चित्रात कोठेही नव्हते.

यापुढची दोन चित्रे दाखवण्यापूर्वी मी मुलांना जरा स्वस्थ बसावयास सांगते. पहिले १९१७ च्या सुमाराचे, अमेरिकेचे. जर्मन टोप घातलेला एक प्रचंड गोरिला हातात सोटा आणि काखेत एका गोऱ्या स्त्रीला घेऊन किनाऱ्यावर चढतो आहे, आणि "या पिसाळलेल्या पशूचा नाश करा" असा आदेश आहे. दुसरे १९३७ सालचे, म्युनिक शहरात नाझींनी भरवलेल्या ज्यूविरोधी प्रदर्शनाचे. त्यात एक ज्यू माणूस विद्रूप काढला आहे. एका हातात नाणी, दुसऱ्या हातात चाबूक.

पहिल्या चित्राला मुले हसतात. दुसरे पाहून कोणी हसत नाही, कारण त्यापुढचा इतिहास त्यांनी वाचलेला असतो. नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यू मारले, त्यांत लेकरेही होती. दोन्ही चित्रांचा परिणाम सारखा झाला असे मी म्हणत नाही, आणि मुलांनीही तसे म्हणू नये. पण दोहोंतील युक्ती एक आहे. समोरच्याला आधी माणसातून काढावयाचे. शेजारी, त्याची आई, त्याचे घर ही सारी पुसून टाकली की त्याच्याविरुद्ध काहीही करावयास हात धजतो. जेथे शत्रूला शेपूट, नखे किंवा सुळे काढलेले दिसतील तेथे थांबून पाहा, एवढे मी मुलांना सांगून ठेवते.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील गृहिणींना सांगितले होते की तळणाचे उरलेले तेल आणि चरबी फेकू नका, खाटकाच्या दुकानी नेऊन द्या. चरबीपासून ग्लिसरिन निघते आणि ग्लिसरिनपासून स्फोटके होतात. १९४३ सालच्या एका चित्रात बाईच्या हातातील तव्यातून ओघळणारी चरबी खाली स्फोट होऊन फुटते. आपल्या कढईतले तेल कोणाच्या तरी घरावर बाँब होऊन पडावे, ही कल्पना पचवावयास जड आहे. पण चित्रात घर नाही, नुसता उजेड आहे.

जपानात १९४० साली टोकियोच्या रस्त्यांवर "चैन हा शत्रू आहे" असे फलक लागले. जपानी भाषेत 'तेकी' म्हणजे शत्रू आणि 'सुतेकी' म्हणजे छान. कोणी खट्याळ माणसांनी आधी एक अक्षर वाढवून "चैन छान आहे" असे करून टाकले! म्हणजे तेथेही भिंतीवरचे मुकाट्याने न मानणारे लोक होते. १९४२ साली तेथे युद्धघोषणांची स्पर्धा झाली आणि "जिंकेपर्यंत काही मागणार नाही" ही पाचवीतल्या एका मुलीच्या नावाची घोषणा फार गाजली. एवढी पोर हट्ट करीत नाही, मग मोठ्यांनी कसा करावा, असे सर्वांना वाटले. युद्ध संपल्यावर पुष्कळ काळाने उघड झाले की ती घोषणा तिच्या वडिलांनी लिहिली होती. "कोणी लिहिले?" या पहिल्या प्रश्नाचे महत्त्व मुलांना या एका गोष्टीवरून जितके कळते तितके माझ्या सांगण्याने कळले नसते.

मग सारीच भित्तिपत्रके लबाडीची काय? येथे मुलांना आवर घालावा लागतो. एकदा खोट काढावयास शिकले की त्यांना जगातले सर्वच खोटे वाटू लागते. म्हणून मी १९४१ सालचे रशियाचे चित्र दाखवते. इराक्ली तोईद्झे या चित्रकाराने आपल्या पत्नीला नमुना धरून काढलेली एक प्रौढ स्त्री, लाल वस्त्रात, एका हातात सैनिकाची शपथ, मागे संगिनी, आणि "मातृभूमी हाक मारते आहे" हे शब्द. जून १९४१ मध्ये हिटलरच्या सैन्याने रशियावर खरोखरच स्वारी केली होती. त्या युद्धात सोव्हिएत देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. ती हाक खोटी नव्हती. पण त्याच सरकारने १९३९ साली हिटलरशी करार केला होता, हे ती आई सांगत नाही. हे म्हणजे तांदूळ निवडण्यासारखे आहे. खडे आहेत म्हणून सूप उकिरड्यावर रिकामे करीत नाहीत, आणि तांदूळ चांगले दिसतात म्हणून न निवडता शिजवीतही नाहीत.

या भिंतींपासून आपला देशही सुटला नव्हता. पहिल्या महायुद्धात येथे देशी भाषांतून भरतीची भित्तिपत्रके निघाली. एका उर्दू चित्रात गणवेश, रुपये आणि बंदूक एवढेच मांडले आहे, आणि हे कोण घेणार, तर जो तत्काळ भरती होईल तो, अशा अर्थाचा मजकूर आहे. त्या कपड्यांत माणूस नाही! किचनेरचे बोट इंग्लंडच्या माणसाला देशाची आठवण देत होते, येथे पगाराची आठवण पुरेशी मानली. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि ७० हजारांहून अधिक परतली नाहीत. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये तेथील फौजेला शरण जावे लागले. सातारा आणि महाड भागांतील काही गावांत आजही दगडी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे त्यांवर कोरलेले आहे. भित्तिपत्रकाने जो आकडा लिहिला नाही तो या दगडांवर आहे.

दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने आपल्या पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थानला युद्धात ओढले. ब्रिटिश चित्रांत साम्राज्यातील सैनिकांबरोबर हिंदी जवान ताठ चालताना दिसतो. मात्र १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, ती त्या चित्रांत कोठून येणार? वर्गात एक मुलगा म्हणाला, "मावशी, तेव्हा मी असतो तर बहुतेक भरती झालो असतो." मी त्याला रागावले नाही. जे गेले ते भेकड किंवा मूर्ख नव्हते. कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याच्या रीतीने. त्याला एवढेच म्हटले, "जाशील तेव्हा पाचही प्रश्न विचारून जा."

भगिनींनो, आता भिंतीची जागा मुलांच्या हातातल्या लहानशा पडद्याने घेतली आहे. तेथे बोट रोखणारे, शरम आणणारे आणि शत्रूला नखे काढणारे चित्र रात्रंदिवस येत असते, आणि पुष्कळदा छापणाऱ्याचे नावही नसते. यावर उपाय म्हणून फार शिकलेले असावे लागत नाही. जेवताना असे एखादे चित्र मुलाने दाखवले तर ते हिसकावून घेऊ नका, त्याच्या शेजारी बसा आणि पाच प्रश्न एकेक करून विचारा. चार उत्तरे त्याला देऊ द्या. पाचव्याचे उत्तर दोघांनी मिळून शोधावे. पुढील सुटीत अभ्यासवर्गात हाच विषय पुन्हा घेण्याचे मंडळाने ठरविले आहे. तेव्हा मुलांबरोबर आयांनीही अवश्य यावे, अशी माझी विनंती आहे.