लडाखी घराचा हिवाळा

एखाद्या प्रदेशाचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः राजवंशांपासून आरंभ करतो. लडाखच्या बाबतीत तर हे सोयीचेच आहे. नामग्याल राजांची वंशावळ उपलब्ध आहे. सेंगे नामग्याल या राजाच्या काळात, सतराव्या शतकात, उभा राहिलेला लेहचा नऊ मजली राजवाडा आजही पाहावयास मिळतो. मठ आहेत, तहनामे आहेत, स्वाऱ्यांचे वृत्तान्त आहेत. परंतु या सर्वांच्या मुळाशी असलेला एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या भूमीत वर्षातून जेमतेम चार-पाच महिने शेती करता येते आणि उरलेला बराचसा काळ जमीन दगडासारखी गोठलेली असते, तेथे माणसाने शतकानुशतके वस्ती टिकविली कशी? या प्रश्नाचे उत्तर राजवाड्यात मिळत नाही. ते खेड्यातील घरात, चुलीपाशी मिळते.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण शंभर मिलिमीटर पाणी पडते. आपल्या कोकणात आषाढातील एखाद्या दिवशी तेवढे पडून जाते. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत आणि कित्येकदा त्याहूनही खाली उतरतो. झोजी-ला ही काश्मीरकडून येणारी खिंड बर्फाने बंद झाली, म्हणजे पूर्वी वसंत ऋतूपर्यंत बाहेरून काही येण्याची आशा नसे. कोकणातील गृहिणी आगोटीला चार महिन्यांची बेगमी करीत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. लडाखी गृहिणीची बेगमी याच जातीची, पण तिचा आवाका फार मोठा. कोकणात पावसाळ्यात शेत पिकत असते. लडाखात हिवाळ्यात पिकत काहीच नाही.

ही बेगमी नसली म्हणजे काय होते, याचा दाखला इतिहासाने दिला आहे. जम्मूचा डोगरा सेनापती जोरावरसिंग याने १८३४ मध्ये लडाखवर स्वारी केली आणि पुढील काही वर्षांत तो प्रदेश अंकित केला. १८४१ मध्ये तो आणखी पुढे, पश्चिम तिबेटात शिरला. उन्हाळ्यात त्याला विजयामागून विजय मिळाले. परंतु हिवाळा आला, मागच्या खिंडी बंद झाल्या आणि फौज उघड्या पठारावर अडकली. अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लडाखविषयीच्या ग्रंथात या फौजेची दैना नोंदविली आहे. सैनिकांच्या हातापायांची बोटे गळून पडली, कित्येकांना शस्त्र धरता येईना, आणि क्षणभर ऊब मिळावी म्हणून काहींनी आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. डिसेंबर १८४१ मध्ये जोरावरसिंग मारला गेला. तो अत्यंत शूर होता, याविषयी दुमत नाही. त्याच्यापाशी नव्हते ते एवढेच: जळणाची रास, वैरणीची गंजी आणि धान्याची कोठी. म्हणजेच जे कोणत्याही लडाखी शेतकऱ्यापाशी होते, ते.

आता हे घर पाहू. ते बहुधा दोन किंवा तीन मजली असते. पाया दगडाचा, वरच्या भिंती उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांच्या. छप्पर सपाट, आपल्याकडील धाब्याच्या घरासारखे. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या काड्यांचा थर, आणि त्यावर माती. पाऊस नसल्यामुळे हे छप्पर गळत नाही. तळमजल्यावर गुरे बांधलेली असतात आणि त्यांच्या अंगची ऊब वर चढते. छपराच्या कडेने लसूणघास, वाळलेले गवत, काटक्या आणि गोवऱ्या रचून ठेवतात. ही रास म्हणजे वैरण आणि सर्पण तर खरेच, पण बर्फाळ वाऱ्याला ती एक आडोसाही होते.

घराचे हृदय म्हणजे स्वयंपाकघर. त्याला ‘चन्सा’ म्हणतात. मध्यावर खांब, एका बाजूस चूल आणि भिंतीलगतच्या फळ्यांवर ओळीने मांडलेली तांब्यापितळेची भांडी. अनेक घरांत हिवाळ्यासाठी निराळे, खालच्या बाजूचे स्वयंपाकघर असते. थंडी वाढली म्हणजे वरच्या ऐसपैस खोल्या बंद करून सारे कुटुंब त्या एका खोलीत येऊन राहते. आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांचे जेवण, काम, झोप आणि पूजापाठ त्या एका चुलीभोवती चालते. जळण दुर्मिळ असलेल्या प्रदेशात दुसरी चूल पेटविणे ही चैन होती.

या चुलीवर काय शिजत असे? जव, म्हणजे ज्याला आपण सातू म्हणतो, ते येथील मुख्य धान्य. भाजून पाणचक्कीवर दळलेल्या त्याच्या पिठाला ‘ङम्फे’ म्हणतात. ते शिजवावे लागत नाही. चहात किंवा ताकात कालवले की झाले. जळणाची टंचाई असलेल्या ठिकाणी हे केवढे सोयीचे, हे सांगावयास नको. ओढ्याचे पाणी गोठले की पाणचक्की थांबे, म्हणून हिवाळ्याचे पीठ त्याआधीच दळून ठेवावे लागे. लोणी आणि मीठ घालून उंच लाकडी नळकांड्यात घुसळलेला चहा दिवसभर चालू असे. सलगम, गाजरे आणि पुढे बटाटेही जमिनीत पेवासारखा खड्डा करून त्यात पुरून ठेवीत, म्हणजे ते गोठत नसत. पालेभाज्या आणि जर्दाळू उन्हाळ्यातच छपरावर वाळत. ताकापासून केलेले, दगडासारखे कठीण ‘छुर्पे’ पोत्यांत भरलेले असे. हिवाळ्याच्या तोंडाशी काही जनावरे मारीत. यातही हिशेब होता: वैरण जितक्या गुरांना पुरेल तितकीच गुरे हिवाळ्यात न्यावयाची. मांस टिकविण्याची जबाबदारी थंडी घेत असे.

विल्यम मूरक्रॉफ्ट हा पेशाने पशुवैद्य असलेला इंग्रज १८२० ते १८२२ या काळात लडाखात राहिला. घोड्यांच्या शोधात तो निघाला होता. त्याच्या लिखाणात दरबार आणि व्यापार यांच्या जोडीने वैरणीच्या वनस्पतींकडेही बारकाईने लक्ष दिलेले आढळते. हिवाळ्यात तेथील जीवन चाऱ्याच्या पेंढीवर तोललेले असते, हे त्याच्या व्यावसायिक नजरेने हेरले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

हिवाळा म्हणजे केवळ निजून काढण्याचा काळ, असा मात्र समज होऊ देता कामा नये. शेतातले काम थांबले की घरातले सुरू होई. स्त्रिया मेंढीची लोकर कातीत. पुरुष बकरीचे आणि याकचे राठ केस कातीत. विणकर घरोघर जाऊन माग मांडी आणि ‘नंबू’ नावाचे जाड लोकरी कापड विणून देई. त्यापासून अंगातला लांब ‘गोंचा’ शिवला जाई. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अत्यंत मऊ लोकर, पश्म, याच वाटेने जात असे. १६८४ च्या तिंगमोसगंगच्या तहाने पश्चिम तिबेटातील पश्माच्या व्यापाराचे हक्क लडाखमार्गे काश्मीरकडे वळविले. त्या पश्मिन्याच्या शालींनी दूरदूरचे दरबार उबदार झाले. लडाखी शेतकरी मात्र नंबूच पांघरीत राहिला.

उत्सवही याच दिवसांत येत. लोसार, म्हणजे नवे वर्ष, लडाखात तिबेटपेक्षा सुमारे दोन महिने आधी, बहुधा डिसेंबरात साजरे होते. जामयांग नामग्याल राजाला बाल्टिस्तानवर स्वारीस जावयाचे होते, म्हणून त्याने सण आधीच उरकला, अशी याची परंपरागत कथा आहे. त्या दिवसांत दिवे लागतात आणि पिठाच्या रानबोकडांच्या आकृती मांडतात. लग्ने हिवाळ्यातच होत, कारण तेव्हाच माणसांना सवड आणि घरात जवाचे ‘छांग’ असे. केसर राजाची महाकथा सांगण्याचाही काळ हाच. मोराव्हियन मिशनरी फ्रांके याने विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिहून घेतली. त्यापूर्वी ती चुलीपाशीच जिवंत राहिली होती.

या एका चुलीने कुटुंबाचे कायदेही घडविले. शेतजमीन मोजकी, पाणी मोजके. ती वाटली गेली असती तर कोणाचीच कोठी हिवाळाभर पुरली नसती. म्हणून मोठ्या मुलाकडे मोठे घर, म्हणजे ‘खांगचेन’, जाई आणि वृद्ध आईबाप जवळच्या लहान घरात, ‘खांगू’त, राहावयास जात. बौद्ध घरांतून कित्येकदा भावांची मिळून एकच पत्नी असे. एखादा मुलगा मठात जाई. १९४१ मध्ये जम्मू-काश्मीर संस्थानाने बहुपतित्वावर कायद्याने बंदी घातली आणि १९४३ मध्ये वारसाहक्काचा नियमही बदलला. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. धाकट्या भावाला आणि घरात येणाऱ्या सुनेला तिची किंमत मोजावी लागत असे. खोलीत साठणाऱ्या धुराने डोळे आणि फुप्फुसे बिघडत. आडरानातील बाळंतिणीला वैद्य मिळणे अशक्य असे. मात्र जन्ममृत्यूच्या प्रसंगी ‘फास्पून’, म्हणजे एकच कुलदैवत मानणाऱ्या घरांचा गट, धावून येई. गोठलेल्या रात्री मृताच्या दारी कोण जाणार, हे आधीच ठरलेले असे.

स्वातंत्र्यानंतर बदल झपाट्याने झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये पृथीचंद हे लाहूलचे अधिकारी एक लहान तुकडी घेऊन भर हिवाळ्यात झोजी-ला ओलांडून लेहला निघाले आणि मार्चमध्ये पोहोचले. लाहूल हाही असाच दीर्घ हिवाळ्याचा मुलूख. जे १८४१ मध्ये एका बलाढ्य फौजेला साधले नाही, ते तुकडीचे नेतृत्व अशा मुलखातील माणसाकडे असल्यामुळे साधले, असे मला वाटते. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याच्या देखरेखीखाली लेहजवळ धावपट्टी तयार झाली आणि २४ मे १९४८ रोजी तेथे पहिले विमान उतरले. १९६० नंतरच्या दशकात मोटाररस्ता आला, १९७४ मध्ये प्रदेश पर्यटकांना खुला झाला. शिधावाटपाचा तांदूळ, गॅसची शेगडी आणि दक्षिणेकडे काचा लावलेल्या उबदार खोल्या आल्या. पोटाची चिंता कमी झाली, हा लाभ थोडा नव्हे.

परंतु एक नवी गोष्टही घडली. ज्यांना शक्य आहे अशी कित्येक कुटुंबे हिवाळ्यात जम्मूला, चंदीगडला किंवा दिल्लीला जाऊ लागली. मुले शिक्षणासाठी वर्षभर बाहेर राहू लागली. ज्या ऋतूत पूर्वी घर सर्वाधिक भरलेले असे, त्याच ऋतूत अनेक घरांत आता एखादी आजी आणि गुरे तेवढी उरतात. केसरची कथा सांगावयाची, तर ती ऐकणार कोण?

सरकारी कागदपत्रांत हिवाळ्यातील अशा मुलखाविषयी ‘संपर्क तुटलेला’ असा शब्दप्रयोग आढळतो. आम्ही तो सवयीने वापरतो. पण संपर्क कोणाचा, कोणाशी? रस्ता बंद झाला म्हणजे आमचा त्यांच्याशी संपर्क तुटे; त्यांचा एकमेकांशी मात्र तेव्हाच सर्वाधिक जुळत असे. हिवाळा ही त्यांच्या दृष्टीने आपत्ती नव्हती, ती व्यवस्था होती. चेवांग नोर्फेल या निवृत्त शासकीय अभियंत्यांनी वाया जाणारे हिवाळी पाणी डोंगरउतारावर गोठवून, पेरणीच्या वेळी ते शेताला मिळेल अशी योजना केली, ती याच जुन्या शहाणपणाला धरून. हिवाळ्यात जे साठवावे, त्यावर वसंत उभा राहतो. अशा प्रदेशासाठी योजना आखताना आपण रस्ते, वीज आणि औषधे यांचा विचार करतो आणि तो केलाच पाहिजे. त्यासोबत हिवाळ्यात त्या चुलीभोवती माणसे कशी राहतील, याचाही विचार आपल्या टिपणांत असावयास हवा. कारण हा प्रदेश इतकी शतके वसता राहिला, तो त्या माणसांमुळेच.