शून्य रीडिंगची उलटतपासणी

गॅस डिटेक्टर बिघडला असे आपण कधी म्हणतो? बहुतेक वेळा तो उगाच कोकलतो तेव्हा. रात्रपाळीत खोटा अलार्म झाला की सकाळी इन्स्ट्रुमेंटवाल्यांकडे तक्रार जाते. महिनोन्‌महिने शून्य दाखवत बसलेल्या डिटेक्टरबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत आणि सोबत एक विनंती: संशय घ्यायचाच तर आधी त्या गप्प बसलेल्याचा घ्या.

हवा स्वच्छ असली तरी शून्य दिसते आणि सेन्सर मेलेला असला तरी शून्यच. ज्वलनशील वायूंसाठीचा पेलिस्टर पाहा. त्यातल्या तापलेल्या मण्यावर उत्प्रेरकामुळे वायू जळतो, मणी आणखी तापतो, आतल्या प्लॅटिनमच्या तारेचा रोध वाढतो. त्यावरून रीडिंग ठरते. जवळपास कोणी सिलिकॉनचा स्प्रे वापरत राहिले, तर उत्प्रेरक निकामी होत जातो. त्यातही मिथेन जाळायला सर्वांत अवघड, त्यामुळे तोच आधी दिसेनासा होतो. अशा सेन्सरला हायड्रोजन देऊन पाहिले तर तो झोकात पास होईल. म्हणून बंप टेस्टला कोणता सिलिंडर घ्यायचा, हे स्टोअरमध्ये काय शिल्लक आहे यावर सोडू नये.

वायू फार झाला तरी हा सेन्सर फसवतो. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असताना स्फोट होऊ शकतो. त्यापलीकडे मण्यावर जळायला ऑक्सिजन पुरत नाही. टाकीत सोडलेल्या डिटेक्टरचे रीडिंग झपाट्याने चढून पुन्हा उतरले, तर ‘गेला गॅस’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावे. (१८१५ चा डेव्हीचा खाणदिवा ऑक्सिजन कमी पडला की विझायचा, म्हणजे निदान सांगून तरी जायचा. जाळी फाटली की मात्र तोच आग लावायचा.)

खोट्या अलार्मांपैकीही बरेच खोटे नसतात. बॅटरी रूममध्ये काही जळत नसताना कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर वाजतो, कारण चार्जिंगमध्ये सुटणारा हायड्रोजन त्याच्या विद्युतरासायनिक सेन्सरलाही जाणवतो. यंत्राने नाव चुकीचे सांगितले, वायू खराच होता. सेन्सर बदलण्याआधी एक्झॉस्ट फॅन चालू आहे का, ते बघा.

‘झीरो’ करण्याचे प्रकरण वरवर किरकोळ वाटेल, पण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो असे माझे मत आहे. गेटपाशी उभ्या ट्रकच्या धुरात झीरो केलेले यंत्र तेवढा कार्बन मोनॉक्साइड पुढे प्रत्येक रीडिंगमधून वजा करते. मोकळ्या हवेत ते उणे आकडा दाखवू लागले, तर हे कारण आधी तपासावे.

पुढच्या पानांत सर्किटपेक्षा रसायनशास्त्र जास्त आहे. ज्यांचा हात मल्टिमीटरवर बसलेला आहे, त्यांनी बिचकू नये. शाळेतली ज्वलनाची समीकरणे आठवली तरी पहिली दोन प्रकरणे सहज उलगडतील. कॅलिब्रेशनचे प्रकरण मात्र यंत्र हातात घेऊनच वाचावे.