डबलसीट: मागे बसणाऱ्या माणसाचा इतिहास

आमच्या घरात 1986 या सालाला वेगळं नाव आहे: ‘आई पडली ते वर्ष’. नवी स्कूटर आली होती. आई-बाबा पुण्याहून वाईला निघाले होते, मामाकडे, चार दिवसांसाठी. खंबाटकीच्या चढावर पुढचा ट्रक थांबला म्हणून बाबाही थांबले. ट्रक हलला, बाबांनी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला, स्कूटरने हिसका दिला आणि आई मागच्या मागे रस्त्यावर पडली. उजवं मनगट मोडलं. ते अजून पावसाळ्यात दुखतं. पोळ्या लाटताना ती मध्येच थांबते, हात झटकते आणि पुन्हा लाटायला लागते.

बाबा हा किस्सा रंगवून सांगायचे. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, ‘ही नीट धरून बसलीच नव्हती.’ सगळे हसायचे, आईसुद्धा.

गेल्या वर्षी मी बायकोला घेऊन मोटरसायकलवर कोकणात जायची तयारी करत होतो. बॅगा कुठे बांधायच्या, यावर तासभर डोकं खाजवून झालं. आई समोरच बसली होती. सहज विचारलं, “तू तेव्हा धरलं का नव्हतंस गं?”

“कशाने धरणार? मांडीवर बॅग होती. बॅगेवर लाडवांचा डबा होता.”

“मग बॅग मागे का नाही बांधली?”

“मागे कुठे? मागे मीच होते ना!”

या उत्तराने मी अडकलो. दुचाकीच्या मागच्या भागावर खरा हक्क कुणाचा, माणसाचा की सामानाचा? शोधत गेलो तर हा प्रश्न दुचाकीइतकाच जुना निघाला.

मागून, पुढून, बाजूने

1885 मध्ये जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी लाकडी दुचाकी बनवली. 1894 मध्ये म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटरसायकली रीतसर बनवून विकायला सुरुवात केली. या गाड्या एकट्या माणसासाठी होत्या. सोबत कुणाला न्यायचं असेल तर काय, याचा विचारच त्यांत नव्हता.

पण वाहन म्हटलं की सोबत येतेच. मग 1900 च्या आसपास युरोपात प्रयोग सुरू झाले. पहिला उपाय म्हणजे मोटरसायकलच्या मागे जोडलेली दोन चाकांची छोटी गाडी. तिच्यात वेताची खुर्ची. सोबतीण त्या खुर्चीत बसून सगळ्या रस्त्याची धूळ आणि इंजिनाचा धूर खात यायची. इंजिनाच्या आवाजात तिची हाकही पुढच्याला ऐकू जायची नाही.

दुसरा उपाय नेमका उलटा. पुढे दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये खुर्ची. धूळ नाही, धूर नाही, समोरचा देखावा मोकळा. फक्त गाडी कशावर आदळली तर आधी सोबतीण आदळणार.

तिसरा उपाय टिकला. 1903 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बाजूला जोडायची साइडकार आली. हिच्यात माणूसही बसे आणि सामानही मावे. साइडकारवर लोकांचा किती भरवसा होता, याचं एक उदाहरण बघा. 11 डिसेंबर 1934 ला थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोन बायका लंडनहून निघाल्या. सोबत 600 सीसीची पँथर मोटरसायकल, तिला साइडकार आणि मागे सामानाचा ट्रेलर. सहारा वाळवंट ओलांडून जुलै 1935 मध्ये त्या केपटाउनला पोचल्या. दोन माणसं आणि सामान न्यायचं तर प्रत्येकाला स्वतंत्र जागा हवी, हे त्यांच्या त्या लांबलचक वरातीकडे बघूनच कळतं.

पण साइडकार महाग. तिला ओढायला इंजिनही दणकट लागतं. खिशात पैसे नसलेल्या तरुणांची नजर मग मागच्या चाकावरच्या कॅरिअरकडे गेली. हे कॅरिअर सामान बांधायला होतं. त्यावर एक उशी टाकली की झाली सीट. इंग्लंडमध्ये 1920 च्या दशकात याला ‘फ्लॅपर ब्रॅकेट’ असं थट्टेचं नाव पडलं. फ्लॅपर म्हणजे त्या काळची फॅशनेबल तरुण मुलगी आणि ब्रॅकेट म्हणजे ती जिच्यावर बसायची ती लोखंडी जाळी.

आपल्याला यात नवल वाटायला नको. सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत गेलेली पिढी अजून आपल्या घरात आहे. ‘कॅरिअर’ या शब्दाचा अर्थच मुळी ओझं वाहणारा. म्हणजे दुचाकीवरच्या दुसऱ्या माणसाची सुरुवात झाली ती सामानाच्या जागेवर, सामान म्हणून.

बैलगाडी उलळते तेव्हा

सामानाच्या जागेवर माणूस बसवला तर बिघडतं कुठे? हे समजायला शेतकऱ्याला फिजिक्सचं पुस्तक लागत नाही. बैलगाडीत ओझं मागच्या बाजूला जास्त झालं की गाडी उलळते. जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, बैलांचा जोर गाडीपर्यंत पोचत नाही. म्हणून जाणता गाडीवान पोती चाकांच्या आसाच्या आगेमागे तोलून लावतो.

दुचाकीत जुवाच्या जागी पुढचं चाक आहे. वळवायचं काम तेच करतं आणि ब्रेकचा मोठा वाटाही तेच उचलतं. मागच्या आसाच्याही मागे जितकं वजन टांगाल, तितकं पुढचं चाक हलकं होतं. चाक जमिनीवरच असतं, पण त्याची पकड कमी होते. हँडल तरंगल्यासारखं वाटतं, वळणावर गाडी बाहेर जायला बघते. चढावर तर वजन आणखी मागे सरकतं. त्यात पहिल्या गिअरचा हिसका बसला की मागच्या माणसाला धरण्यावाचून दुसरा आधार नसतो. खंबाटकीत नेमकं हेच झालं होतं.

बाजूंचं गणितही जुनंच. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून मुलुखभर फिरायचे. गोणी दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या असायच्या, नाहीतर ओझं एका अंगाला ओघळायचं आणि बैलाची पाठ सोलवटायची. घोड्यावरची खुर्जीही तशीच, दोन्हीकडे दोन खण, मध्ये खोगीर. आज मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या सॅडलबॅगा लटकतात, त्या म्हणजे ही खुर्जीच.

फक्त एक फरक आहे. गोणी जिथे बांधली तिथे राहते. माणूस हलतो. तो दचकतो, पेंगतो, वळणावर घाबरून उलट्या बाजूला कलतो. सामान हे मुकं वजन आहे आणि माणूस जिवंत वजन. मुक्या वजनाला दोरी लागते. जिवंत वजनाला बसायला जागा, पाय ठेवायला आधार, हाताला धरायला काहीतरी आणि पुढे काय होणार याची सूचना लागते.

एका शब्दाची गोष्ट

हा फरक कायद्यानेही हळूहळू ओळखला. ब्रिटनच्या 1930 च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने सांगितलं की मोटरसायकलवर चालकाशिवाय एकच माणूस न्यायचा. तो चालकाच्या मागे, गाडीला पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवरच बसला पाहिजे आणि दोन्हीकडे पाय टाकून बसला पाहिजे. उशी टाकलेल्या कॅरिअरचे दिवस इथे संपायला लागले.

गाड्याही बदलल्या. सुरुवातीच्या मोटरसायकलींच्या मागच्या चाकाला स्प्रिंगच नसायची. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मागच्याच्या मणक्यात जायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकाला झुलता दांडा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळाले. पुढे आपल्याकडे घरोघरी ओळखीच्या झालेल्या बुलेटला 1949 मध्ये इंग्लंडमध्ये हे मिळालं होतं. मग दोघांची मिळून एकच लांब सीट आली. मराठीत आपण त्या सीटचं नाव थेट क्रियेला दिलं. ‘चल, डबलसीट जाऊ’ हे वाक्य आपण सायकलवरही म्हणतो.

आपल्या 1988 च्या मोटर वाहन कायद्यात कलम 128 आहे. वाचलंत तर ओळखीचं वाटेल. चालकाशिवाय एकच माणूस, चालकाच्या मागे, गाडीला पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवर. पण ब्रिटिश कायद्यातली एक अट त्यात नाही, दोन्हीकडे पाय टाकून बसण्याची. ती का नाही, याचं उत्तर मला तरी रस्त्यावर दिसतं. नऊवारी सोडून पाचवारी नेसू लागलेल्या लाखो बायका तोवर एका बाजूला पाय सोडून स्कूटरवर बसत होत्या. ती अट घातली असती तर त्यांचा अर्धा प्रवास बेकायदा ठरला असता.

मग 1989 च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांमधल्या नियम 123 ने उलट्या बाजूने विचार केला. मागच्या माणसाला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. गाडी घेतली की तरुण मुलं ‘लुक बिघडतो’ म्हणून पहिल्यांदा तेच काढून टाकतात. ओढणी आणि पदर मात्र रस्त्यावर तितकेच असतात.

2020 मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. मुठी आणि फूटरेस्ट दोन्ही बाजूंना हवेत, असं आलं. आणि सामानाच्या पेटीबद्दल पहिल्यांदा स्पष्ट बोललं गेलं. पेटी 550 मिलिमीटर लांब, 510 रुंद आणि 500 उंच यापेक्षा मोठी नको. ती मागच्या सीटवर बसवली असेल तर दुसरा माणूस न्यायचा नाही. माणूस न्यायचा असेल तर पेटी त्याच्या मागे. म्हणजे आईच्या ‘मागे मीच होते ना’ला कायद्याने चौतीस वर्षांनी उत्तर दिलं. सीट एकतर माणसाची, नाहीतर सामानाची.

मांडीवरची बॅग अजून आहे

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली सुमारे 44 टक्के दुचाकीवर होती. तेव्हा ट्रिपला निघताना हा इतिहास आठवलेला बरा.

पहिली गोष्ट वजाबाकीची. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकूण कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. समजा 170 किलो उरले. तुम्ही 75, मागचा माणूस 60. राहिले 35. हेल्मेट, जॅकेट, बूट, पाण्याच्या बाटल्या आणि लोखंडी कॅरिअरही यातच धरायचं. हे गणित केलं की अर्धे कपडे आपोआप घरी राहतात.

उरलेलं सामान लमाणाच्या पद्धतीने लावा. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, बूट, खाली आणि दोन्ही चाकांच्या मधल्या भागात, दोन्ही बाजूंना सारख्या. हलके कपडे वर आणि मागे. मागच्या टोकावरची पेटी दिसायला ऐसपैस असते, पण ती आसाच्या मागे आणि उंचावर असते. बैलगाडी उलळते ती तिथूनच. तिच्यात रेनकोट ठेवा, लॅपटॉप आणि लोणच्याची बरणी नको. बॅग सायलेन्सरपासून वीतभर दूर हवी आणि पट्ट्यांची मोकळी टोकं खोचलेली हवीत. चाकाला साडी आणि पट्टा यांतला फरक कळत नाही.

डबलसीटसाठी मागच्या टायरची हवा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर बघा. मागचं सस्पेन्शन कडक करता येत असेल तर करा. मागचा भाग दबला की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तोही खाली घ्या. मग घाटात शिरायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा ब्रेक दाबून बघा. गाडी नेहमीपेक्षा लांब जाऊन थांबेल. ते अंतर लक्षात ठेवा.

आणि शेवटचं, मागच्या माणसाचे हात मोकळे ठेवा. आज मांडीवर लाडवांचा डबा नसतो, पण पाठीवर पन्नास लिटरची सॅक असते. ती प्रत्येक हिसक्याला त्याला मागे ओढते. एका हातात मॅप बघायला मोबाइल असतो. नाव बदललं, बॅग तीच आहे.

आम्ही कोकणात जाऊन आलो. निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान बांधून मी बायकोला मागे बसवलं आणि सोसायटीला तीन फेऱ्या मारल्या. सुटताना सांगायचं, ब्रेकआधी सांगायचं, सिग्नलला पाय फूटरेस्टवरच ठेवायचे, असं ठरवलं. आई गॅलरीतून बघत होती. वर गेल्यावर म्हणाली, “हिचे दोन्ही हात मोकळे आहेत, हे बरं केलंस.”

बाबा आता नाहीत. तो किस्सा हल्ली मीच सांगतो. फक्त त्यातलं शेवटचं वाक्य मी बदललं आहे. ‘ही नीट धरून बसलीच नव्हती’ असं आता म्हणत नाही. ‘आम्ही सामान चुकीचं लावलं होतं’, असं म्हणतो.