कवडीमोल राहिले नाही

मराठीत कवडी हा शब्द एकाच वेळी दोन टोकांना वावरतो. तुळजापूरच्या भवानीच्या आराध्याच्या गळ्यात ती माळ होऊन येते तेव्हा लोक तिच्यापुढे वाकतात. आणि कांद्याचा भाव पडला की तोच शेतकरी ‘कवडीमोलाने गेला’ म्हणतो. या दोन टोकांच्या मधे कवडीची तिसरी ओळख आहे, ती खेळाची. सारीपाटाच्या चार रंगांच्या सोळा सोंगट्या फाशांवर चालत, तशाच कवड्यांवरही चालत. तुळजापुरातील भारतीबुवांच्या मठाविषयी अशी आख्यायिका सांगतात, की प्रत्यक्ष देवी तेथे सारीपाट खेळायला येत असे. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे. पण ज्या गावाला आपल्या देवीसाठी पट मांडून ठेवावासा वाटला, त्या गावात खेळ ही उनाडकी मानली जात नव्हती, एवढे त्यावरून म्हणायला हरकत नाही.

ही कवडी धाराशिव जिल्ह्यातली नव्हे. येथून समुद्र शेकडो मैल दूर. भारतात कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होई आणि त्या येत त्या मुख्यतः चलन म्हणून. सर्वांत हलके नाणे म्हणून त्या हातोहात फिरल्या, आणि फिरता फिरता देवघरात व पटावरही पोचल्या. दूरचा माल येथवर येण्याची वाट जुनीच आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर या बाजारपेठेचा उल्लेख येतो. हे तगर म्हणजे आपले तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. त्या तेरच्या मातीत मिळालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आजही पाहायला मिळतात.

या जिल्ह्यातल्या खेळांच्या साधनांची टिपणे काढताना मला एक सूत्र हाती लागले, ते असे. खेळाचे साधन येथे क्वचितच खास खेळासाठी म्हणून आले. ते दुसऱ्याच कामासाठी निघाले, मोठ्या बाजारात वापरून झाले, स्वस्त झाले, आणि मग आपल्या मुलांच्या हाती पडले. कवडीपासून मोबाइलपर्यंत हे सूत्र टिकले. गेल्या वर्षभरात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, लाटेने ते पहिल्यांदा उलटे फिरवले आहे.

याला जोडून दुसरा एक नियम दिसतो: यंत्र आले की खेळ स्वस्त होतो. गंजिफाचे उदाहरण घ्या. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पाने असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने. प्रत्येक पान हाताने रंगवायचे, त्यावर लाख चढवायची. ज्या निजामी राज्यात आपला जिल्हा १९४८ पर्यंत होता, त्या राज्यातही निर्मळचे कारागीर गंजिफा रंगवत. मग छापखान्यातले बावन्न पत्ते आले. चित्राऱ्यांची विद्या मागे पडली, हे दुःख खरेच. पण जो खेळ सरदारांच्या बैठकीत होता तो पारावर आला, हेही तितकेच खरे. तेव्हा खेळणाऱ्यांनी हाताने काढलेल्या चित्राची बाजू घेतली नाही. त्यांनी स्वस्त पान उचलले.

एकोणीसशे नव्वदच्या दशकात हाच नियम विजेवर चालू लागला. व्हिडिओ गेमची पार्लरे निमशहरी गावांत पोचली, ती बहुतेक मोठ्या शहरांत वापरून झालेल्या पेट्यांसह. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ देशभरच्या मुलांनी त्यातल्या एका पात्राच्या नावाने ओळखला: ‘मुस्तफा’. खेळाचे खरे नाव वाचण्याची गरज कोणाला पडली नाही. निंटेंडोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या यंत्राच्या नकला ‘टीव्ही गेम’ म्हणून जत्रेत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विकल्या गेल्या. त्यातल्या ‘कॅसेट’वर लाखभर खेळ असल्याचा दावा छापलेला असे आणि आत तेच दहा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. मूळ माल जिल्ह्यात आला नाही; त्याची सावली आली. मुलांना ती पुरली.

पुढे संगणक आले. ‘व्हाइस सिटी’ हा खेळ संगणकावर २००३ मध्ये आला. त्याला १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचे ग्राफिक्स कार्ड पुरे होत असे. म्हणूनच पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या संगणकांवर तो आमच्याकडे वर्षानुवर्षे चालला. भारनियमनातून उरलेल्या तासांत सायबर कॅफेत रांग लागे. संगणक दुरुस्त करणारे अनेक जण मला सांगतात, की पेटी उघडून रॅमची पट्टी बसवायला ते शिकले ते खेळ अडकत होता म्हणून. नीती आयोगाने २०१८ मध्ये ज्या जिल्ह्याला आकांक्षित, म्हणजे विकासात मागे असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत घातले, तेथे तंत्रशिक्षणाची ही बिनफीची शाळा होती. या लेखात जे पणाला लागले आहे असे मी मानतो, ते हेच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि २०१८ पासून ‘पबजी’ने संगणकाची गरजच संपवली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात ‘पबजी’ गेला. २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. ज्यांचा फोन त्याहून साधा, त्यांच्यासाठी ‘फ्री फायर’ होता. धाराशिवच्या मुलांच्या बोलण्यात ‘नवा गेम’ याचा अर्थ म्हणूनच वेगळा आहे. जगात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो सिक्स’ची तारीख २०२५ वरून मे २०२६ वर आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली, तेव्हा मोठी हळहळ झाली. तो खेळ जाहीर झाला आहे तो महागड्या कन्सोलसाठी. आमच्याकडे नव्या खेळाची बातमी म्हणजे जुन्याच खेळाचा नवा अपडेट, आणि त्याबरोबर येणारा प्रश्न: फोनमध्ये जागा करायला कोणते फोटो पुसायचे?

आता या गोष्टीत एआय कोठून आले ते पाहू. खेळातली चित्रे वेगाने रंगवायची तर एकाच वेळी असंख्य छोटी गणिते करावी लागतात. त्यासाठी एनव्हिडिया या कंपनीने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ ही चिप आणली. ही गणिते दुसऱ्या कामालाही लागू शकतात, हे संशोधकांच्या पुढे लक्षात आले. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या तिघांनी चित्रे ओळखणारा ‘अलेक्सनेट’ हा कार्यक्रम शिकवला, तो खेळासाठी विकल्या जाणाऱ्या ‘जीटीएक्स ५८०’ या दोन कार्डांवर. हे कार्ड बाजारात आले तेव्हा त्याची किंमत ४९९ डॉलर होती. आजच्या एआयच्या लाटेचा उगम अनेक जण त्या दोन कार्डांपाशी नेतात. म्हणजे खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे खिशातून पैसे घालून जे यंत्र वाढवले, त्यावर ही बुद्धिमत्ता उभी राहिली.

पुढचा हिशोब कंपनीच्या ताळेबंदातच आहे. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या वर्षात एनव्हिडियाला खेळांच्या विभागातून सुमारे साडेबारा अब्ज डॉलर मिळाले, डेटा सेंटरमधून सुमारे साडेदहा. तीन वर्षांनी खेळांचा आकडा साडेअकरा अब्जांच्या आत राहिला आणि डेटा सेंटरचा एकशे पंधरा अब्जांवर गेला. ज्या गिऱ्हाइकाने दुकान उभे केले, ते आता दुकानाच्या कोपऱ्यात उभे आहे. २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या ‘आरटीएक्स ५०९०’ या कार्डाची भारतातली किंमत होती २ लाख १४ हजार रुपये.

कार्ड तर आमच्या मुलांच्या आवाक्यात कधी नव्हतेच. झळ लागली ती मेमरीची. संगणकाची आणि फोनची कामचलाऊ स्मृती, म्हणजे डीरॅम चिपा, जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या यंत्रांना ‘एचबीएम’ नावाची, चिपांचे थर रचून केलेली वेगवान मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीला जेवढी सिलिकॉनची चकती लागते, तिच्या सुमारे तिप्पट या मेमरीला लागते. पीठ तेवढेच, पुरणपोळ्या जास्त लाटल्या तर भाकरी कमीच होणार. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआय कंपनीने सॅमसंग व एसके हायनिक्स यांच्याशी करार जाहीर केले. त्यात महिन्याला ९ लाख चकत्यांचे उद्दिष्ट होते. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा छाप बंद करण्याचे ठरवले. याच मायक्रॉनचा गुजरातेत साणंदला चिपा बांधणीचा कारखाना आहे. पण कारखाना शेजारच्या राज्यात आला म्हणून माल आपल्या दुकानात येतोच असे नाही. २०२५ च्या दिवाळीनंतर काही महिन्यांत रॅमच्या पट्ट्यांचे भाव दुपटी-तिपटीवर गेले.

फोनमध्येही तीच मेमरी असते. महाग फोनच्या किमतीत मेमरीचा वाटा त्या मानाने लहान. स्वस्त फोनच्या किमतीत मोठा. म्हणून वाढीचा बोजा सर्वांत जास्त पडतो तो दहा-बारा हजारांच्या फोनवर, म्हणजे नेमका कळंब, परंडा, उमरग्याच्या मुलांच्या फोनवर.

एआयविषयी जगातल्या गेमरांची तक्रार मुख्यतः वेगळी आहे. खेळातली चित्रे आणि आवाज माणसाने केले की यंत्राने, हा त्यांचा प्रश्न. स्टीम या खेळविक्रीच्या दुकानाने जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना एआयचा वापर जाहीर करायला लावले. आवाज देणाऱ्या अमेरिकी कलावंतांनी याच प्रश्नावर २०२४-२५ मध्ये जवळपास वर्षभर संप केला. डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्लेअर ऑब्स्क्युर’ या फ्रेंच खेळाला मिळालेले ‘इंडी गेम अवॉर्ड्स’चे सन्मान एआयच्या वापरामुळे परत घेतले गेले. आपल्या राज्यालाही हा विषय परका नाही. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंनी हाती घेतलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा नवा अवतार २०२० मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याची चित्रे जुनाट दिसतात म्हणून गेमरांनी झोडपले. २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये खेळच रद्द झाला. त्यात एआयचा संबंध नव्हता; पण चित्राचा दर्जा हा गेमर किती गांभीर्याने घेतो, हे तेथे दिसले. चित्रे काढून पोट भरणाऱ्या पुण्यातल्या तरुणांसमोर आता यंत्र उभे आहे.

धाराशिवमध्ये मी ज्यांच्याशी बोललो, त्यांच्यापैकी कोणी चित्र कोणी काढले हे विचारले नाही. ‘हँग होतो का’ एवढेच विचारतात. एआयवर त्यांचा रागही नाही. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा त्याच फोनवर गणिताची रीत एआयला विचारतो. २०२५ च्या अखेरीस जिओने जेमिनीची आणि ओपनएआयने चॅटजीपीटीची सशुल्क सेवा भारतीयांना ठरावीक काळासाठी फुकट दिली. त्याच्या दृष्टीने एआय फुकट आले आहे. फोन महागला तो जीएसटीमुळे किंवा डॉलरमुळे, असे तो समजतो. एका हाताने मिळालेले दिसते, दुसऱ्या हाताने गेलेले दिसत नाही.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते टाळून चालणार नाही. मेमरीचे भाव नेहमीच चढतात-उतरतात. ही लाटही ओसरेल. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या खाणकामाने ग्राफिक्स कार्डे गिळली, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलताच तीच कार्डे जुन्या बाजारात आली आणि गरिबाच्या संगणकात बसली. हे खरे आहे. पण या वेळी फरक आहे. एचबीएम मेमरी एआयच्या चिपेसोबत एकाच पाटावर कायमची जोडलेली असते. डेटा सेंटर मोडीत निघाले तरी ती काढून घरच्या संगणकात खोचता येत नाही. छापील पत्त्यांनी गंजिफा मागे टाकली तेव्हा निदान खेळ स्वस्त झाला. येथे यंत्र चित्राऱ्याचे काम घेते, खेळणाऱ्याचे साधनही घेते, आणि खाली उतरेल असा माल मागे ठेवत नाही.

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. चांगलेच झाले. पण मान्यता मिळालेल्या खेळात उतरायला फोन लागतो. महाराष्ट्रात डेटा सेंटरना जमीन आणि सवलती देताना त्या बदल्यात तालुक्याच्या शाळांना किती संगणक, किती रॅम मिळणार, हा प्रश्न अजून कोणी विचारत नाही. तो गेमरांनीच विचारावा असे मला वाटते, कारण ही बुद्धिमत्ता ज्या पैशांवर उभी राहिली त्यातली पहिली कवडी त्यांच्या खिशातली होती.